कपिलेचे सभासद : एका अभ्यासाची प्रस्तावना

घाटकोपरला असल्फ्यात, भांडुपला किंवा दहिसरला रविवारी सकाळी शाळेचा एखादा वर्ग मागून घेऊन भरणारी ग्रामस्थ मंडळाची सभा ज्याने पाहिली आहे, त्याला या अभ्यासाची निम्मी ओळख आधीच झालेली आहे. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम होतं, खजिनदार जमाखर्च मांडतात, वर्गणी थकलेल्यांची नावं हळू आवाजात घेतली जातात, आणि मग देवळाचा जीर्णोद्धार, पालखीचा खर्च, विहिरीवरचा पंप असे विषय निघतात. गाव रत्नागिरीत नाहीतर रायगडात आणि गावाचा कारभार मुलुंडच्या चाळीत, ही रीत मुंबईकर कोकण्यांनी कित्येक पिढ्या चालवली. उरलेली निम्मी ओळख गोठ्यातली आहे. ती करून द्यावी म्हणून ही प्रस्तावना.

विषय सांगायला सोपा आहे. दुर्मिळ होत चाललेल्या देशी गोवंशाच्या पालकांची जी संस्था असते, ती आपल्या सभासदांच्या नेमकी कोणत्या उपयोगी पडते, आणि आणखी कशी पडू शकेल? पशुवैद्यकाचे विद्यार्थी जनावर शिकतात, सहकाराचे विद्यार्थी संस्था शिकतात. या दोन बाकांच्या मधल्या जागेत हा विषय पडून राहिला. गाईच्या रंग-शिंगांची वर्णनं भरपूर मिळतात. मात्र गाय ज्याच्या दावणीला आहे त्या माणसाला संस्थेची पावती फाडून काय मिळालं, याचा हिशोब फारसा कोणी मांडत नाही. माझ्या मते वंश टिकण्या-न टिकण्याचा निकाल याच हिशोबात लागतो.

महाराष्ट्रात उदाहरणांना तोटा नाही. माणदेशातली खिल्लार, उदगीर-देवणी पट्ट्यातली देवणी, नांदेडकडची लाल कंधारी, वर्ध्याची गवळाऊ, अकोले-इगतपुरीच्या पावसात अंगच्या तेलकटपणामुळे तग धरणारी डांगी आणि 2023 साली मान्यता मिळालेली पूर्व विदर्भातली कठाणी. यातल्या डांगीला राजूर आणि घोटीची प्रदर्शनं आहेत, खिल्लारला खरसुंडीची यात्रा आहे आणि शर्यतींमुळे आलेला भाव आहे. कोकण कपिलेला यातलं काहीच नाही, म्हणून मी तीच मध्यभागी घेतो. शिवाय उपनगरातल्या वाचकाशी तिचं नातं सर्वांत जवळचं आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या आणि गोव्यातल्या या लहान चणीच्या गाईला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने 2018 साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. तोवर ती सरकारदरबारी नुसती गावठी गाय होती. तांबडी, काळी, करडी, पांढरी, कसल्याही रंगाची. दूध दोन-अडीच लिटर. पण डोंगरउताराच्या खाचरात तिचा बैल जिथे वळतो तिथे मोठा बैल अडतो. उन्हाळ्यात वाळल्या गवतावर ती दिवस काढते आणि तिच्यासाठी पेंडीचं पोतं आणावं लागत नाही.

मान्यता मिळाली म्हणजे नेमकं काय झालं, हे नीट समजून घ्यायला हवं. जातीला क्रमांक मिळाला, यादीत नाव आलं, योजनांचा दरवाजा किलकिला झाला. गाईच्या मालकाला त्या दिवशी काहीही मिळालं नाही. कानातल्या बारा आकडी पिवळ्या बिल्ल्याची नोंद करताना जातीच्या रकान्यात ‘अवर्णित’ पडलं की ती गाय त्या यादीच्या बाहेरच. संस्थेची पहिली सेवा इथूनच सुरू होते. बिल्ला मारायला माणूस येईल त्या दिवशी जातीची लक्षणं ठाऊक असलेला कोणीतरी गोठ्यात हजर असावा. काम दहा मिनिटांचं आहे, पण ते झालं नाही तर पुढचे सगळे आकडे चुकतात. 2019 च्या पशुगणनेत देशातली देशी गोसंख्या 2012 च्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी घटलेली दिसली. त्या घसरणीत कपिलेचा वाटा किती, हे सांगायला आधी कपिला कपिला म्हणून मोजली जायला हवी.

मुंबईच्या नजरेलाही थोडी सवय मोडावी लागेल. 1949 साली गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि शहरभर विखुरलेले गोठे तिथल्या तबेल्यांत आणण्याचं मोठं काम दारा खुरोडी यांनी तडीस नेलं. 1963 साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण आरेच्या बाटलीवर वाढलेल्या दोन-तीन पिढ्या जनावराकडे लिटरमध्ये बघायला शिकल्या. जोगेश्वरीच्या नाहीतर गोरेगावच्या तबेल्यात त्यांनी पाहिली ती म्हैस, तीही बाहेरून विकत आणलेली. तिथे तिची पैदास कोण करतो, रेडकाचं काय होतं, हा प्रश्न गिऱ्हाईकाला पडायचं कारण नव्हतं. कपिलेला लिटरचं माप लावलं तर ती पहिल्या फेरीतच बाद. तिच्या संस्थेने दुधाच्या जोरावर सभासद गोळा करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. देशी गाईच्या तुपाला बोरिवली-अंधेरीत मिळणारा भाव पाहून मोह होतो. पण दोन लिटरपैकी वासराचं सोडून उरलेल्या दुधाचं तूप किती निघणार? चार बरण्या भरतील, तक्रारी मात्र चाळीस येतील.

जगात अशा संस्था जुन्या आहेत. इंग्लंडात जॉर्ज कोट्स यांनी 1822 साली शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळीची वही छापली, आणि तिथल्या दुर्मिळ जाती वाचवण्यासाठी रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट 1973 साली निघाला. ब्राझीलने आपल्याकडून नेलेल्या गीर आणि ओंगोल गुरांची काटेकोर नोंद ठेवून त्यांच्यावर अवाढव्य उद्योग उभा केला. या गोष्टी प्रेरणा म्हणून ठीक आहेत, नमुना म्हणून नाहीत. तिथला सभासद शेकडो जनावरांचा धनी. वंशावळीचा कागद त्याच्या वळूची किंमत वाढवतो, म्हणून तो आनंदाने फी भरतो. आपला सभासद दोन गाई आणि एका पाड्याचा मालक. कागदाने त्याच्या पाड्याची किंमत रुपयाने वाढत नाही. म्हणून तिकडच्या घटनेचं भाषांतर करून इकडे संस्था काढली की पहिल्या वर्षी उद्घाटन होतं आणि तिसऱ्या वर्षी कोरम भरत नाही.

आता वहीकडे वळू. कोकणातल्या गुराख्याला किंवा घरच्या म्हातारीला विचारलं तर ती न अडखळता सांगते: ही मोरी, चांदीची. चांदी तांबूची. तांबू माहेराहून आलेली. आईकडून तीन-चार पिढ्या तोंडपाठ असतात. बापाचं विचारलं की हसून उत्तर येतं, रानात काय झालं ते रानालाच ठाऊक. कारण भात निघाल्यावर गुरं मोकळी सुटतात, दोन-तीन वाड्यांची एकत्र चरतात आणि गाभण राहतात. छापील नोंदवहीत बापाचा रकाना मात्र सक्तीचा. मग काय होतं? नोंद करणारा कोणतं तरी नाव ठोकून देतो आणि वही पहिल्या पानापासून खोटी होते. त्यापेक्षा त्या हंगामात त्या रानात कोणकोणते वळू फिरत होते, त्यांची यादी लिहावी आणि वासराच्या बापाच्या जागी त्या यादीचा क्रमांक टाकावा. चाचणीचा खर्च परवडेल त्या वर्षी निवडक जनावरांचं पितृत्व तपासता येईल. अपुरी पण खरी नोंद पुढे भरून काढता येते.

आणि ही नोंद कधी करायची, याचं उत्तर मुंबईच्या सभासदाच्या रजेच्या अर्जात आहे. गणपतीत तो गावी असतो. तेव्हा भात उभं असतं, म्हणून गुरं दावणीला किंवा राखणीखाली असतात आणि डोकी मोजणं सोपं जातं. शिमग्याला तो पुन्हा जातो. जानेवारी ते मे या मोकाट काळात लागलेल्या गाई साडेनऊ महिन्यांनी, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारीत वितात, तेव्हा शिमग्याला बहुतेक वासरं गोठ्यात दिसतात. मे महिन्यात मात्र वहीच्या नादी लागू नये, गुरं डोंगरात असतात. वर्षाकाठी दोन फेऱ्या, त्याही आधीच ठरलेल्या सणांना. यासाठी पगारी माणूस नको, नवं ॲपही नको.

वळूचा प्रश्न याहून अवघड आहे आणि पुढच्या प्रकरणांत त्याला सर्वांत जास्त पानं दिली आहेत. आकडेमोड थोडक्यात अशी: नरांची संख्या गुणिले मादींची संख्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. कळपाची परिणामकारक संख्या ती. शंभर गाई आणि एकच वळू असेल तर उत्तर येतं जेमतेम चार. म्हणजे दिसायला एकशे एक जनावरं, पण रक्ताच्या दृष्टीने चारच. एका पिढीत सगोत्रपणा सुमारे साडेबारा टक्क्यांनी वाढतो. त्याच शंभर गाईंना दहा वळू असतील तर संख्या छत्तीसवर जाते आणि वाढ दीड टक्क्याच्या आत येते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनात पन्नासची पातळी सांगितली जाते. याचा अर्थ गाई वाढवण्यापेक्षा वळू वाढवणं जास्त मोलाचं, आणि नेमकं तेच कोणाला नको असतं. पॉवर टिलर आल्यापासून पाड्याला औत नाही. 2015 च्या कायद्याने बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यामुळे जुना बाजारही उरला नाही. त्यामुळे पाडा एकतर लवकर खच्ची होतो किंवा दुर्लक्षाने खंगतो. राहिलेला एखादा वळू सगळ्या वाडीचा, म्हणून त्याला चारा कोणाचाच नाही. तो आपल्याच लेकींवर जातो.

संस्थेने सभासदाला देण्यासारखी खरी सेवा ही आहे. चांगल्या आयांचे पाडे खच्ची होण्याआधी निवडायचे, ज्याच्या गोठ्यात वळू वाढेल त्याला महिन्याचा चारा-खर्च वेळेवर पोचवायचा, आणि कालवडी वयात येण्याआधी, साधारण तीन वर्षांच्या आत, तो वळू पुढच्या गावाला देऊन मागच्या गावाचा आपल्याकडे आणायचा. गावांची साखळी ठरलेली असावी. मुंबईच्या वर्गणीचा पैसा वळूच्या चाऱ्यात घालावा, असं मी आग्रहाने म्हणतो. स्मरणिका, फेटे आणि सत्कार यांत तो पुष्कळ जातो.

विमा, उपचार आणि कागदपत्रांच्या सेवांबद्दल पुढे तपशील आहेत, इथे लांबण लावत नाही. विम्याला बिल्ला आणि पशुवैद्यकाचा दाखला लागतो, फिरत्या दवाखान्याचा क्रमांक 1962 आहे, आणि हे दोन्ही ठाऊक नसलेले सभासद भेटतात. संस्थेचं रूप कोणतं घ्यावं, हाही वकिली प्रश्न आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदली तर वरळीच्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज वेळेवर द्यावे लागतात, आणि कार्यकारिणी बदलून वर्षं लोटली तरी ते न दिल्याने बँकेचं खातं अडकल्याच्या कहाण्या उपनगरात हव्या तेवढ्या ऐकायला मिळतात. उत्पादक कंपनी काढली तर विक्रीला सोपं, पण ज्याच्याकडे विकायला काही नाही अशा कपिलापालकाचं तिथे काम काय?

या अभ्यासात येऊ पाहणाऱ्यांना एकच विनंती. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकत असाल तर एखाद्या मंडळाच्या सभेला मागच्या बाकावर बसा. मंडळाचे चिटणीस असाल तर एक गणपती गोठ्यात, कान तपासत घालवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या आणि इतर संशोधकांनी जातीचं वर्णन करून पाया घातला आहे. त्यावरचं काम दोन्हीकडे वावरू शकणाऱ्या माणसांचं आहे.

एक वाद मात्र या पानांत मिटलेला नाही आणि तो मिटल्याचं सोंगही मी आणत नाही. पैसा मुलुंड-बोरिवलीतून येणार आणि वळू गावात उभा राहणार. मग कोणता पाडा ठेवायचा, हे मत कोणाचं? वर्गणीदार म्हणतो, देखणा, एकरंगी, फोटोत उठून दिसेल असा ठेवा. गोठ्यातला माणूस म्हणतो, मारका नसलेला आणि ज्याची आई दर वर्षी विते असा ठेवा. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. गाय दावणीला असेल त्यालाच वळूच्या निवडीत मत, बाकी सभासदांना हिशोब तपासण्याचा अधिकार, असा नियम मी सुचवला आहे. वर्गणीदारांनी तो मान्य करावा अशी सोय कोणत्याही घटनेत करता येत नाही. पहिल्याच सर्वसाधारण सभेत यावर भांडण होणार आहे, तेव्हा वर्ग दोन तास जास्त मागून ठेवावा.