दिनविशेष : 13 मार्च
महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा जन्म (1893)

प्राच्यविद्येचे गाढे अभ्यासक वासुदेव विष्णु मिराशी यांचा आज जन्मदिन. कोकणातल्या कुवळे गावचे मिराशी 1919 मध्ये नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवायला आले आणि विदर्भाचेच झाले. 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ते मॉरिस कॉलेजात शिकवतच होते. पुढे अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळून ते सेवानिवृत्त झाले. पण शिकवणे सुटले नाही. 1957 ते 1966 या काळात मानद प्राध्यापक म्हणून ते पुन्हा नागपूर विद्यापीठात कार्यरत होते.

गोंदिया जिल्ह्यावर त्यांचे खास ऋण आहे. संस्कृत नाटककार भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकाच्या प्रस्तावनेत त्याचे घराणे विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे सांगितले आहे. दुर्ग भागात सापडलेल्या एका अपुऱ्या वाकाटक ताम्रपटाच्या आरंभीही ‘पद्मपुरात्’, म्हणजे ‘पद्मपुराहून’, असा उल्लेख आहे. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे आजचे पदमपूर, असे मत मिराशींनी मांडले. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला. आमगावच्या महाविद्यालयाला आज भवभूतीचेच नाव आहे.

कलचुरी, वाकाटक आणि शिलाहार यांच्या कोरीव लेखांचे त्यांनी संपादित केलेले खंड अभ्यासकांना आजही हाताशी लागतात. 1975 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 3 एप्रिल 1985 रोजी त्यांचे निधन झाले.