आधी कोण बोलले?

औंध संस्थान नकाशावर शोधायला बसले की मोठी पंचाईत होई. एका सलग मुलुखाचे ते राज्य नव्हतेच. औंध एकीकडे, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या अंगाला. अशी चार ठिगळे मिळून गावे अवघी बहात्तर. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आज औंध सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. यमाईच्या डोंगरावर उभे राहून मी खाली पाहिले, तेव्हा एवढ्याशा गावातून राज्य चालत असे यावर विश्वास बसेना.

परंतु राज्य लहान असले तरी तिथे घडलेल्या गोष्टी लहान नव्हत्या. त्या वाचताना माझ्या मनात एक प्रश्न घोळू लागला. तो राजकारणाचा नाही, तुमच्या-आमच्या घरातला आहे. दुसऱ्याचे मत आधी कानावर पडले, तर आपला निर्णय आपला राहतो का?

दिवाळीच्या सकाळचे उदाहरण घ्या. फराळाची ताटे मांडलेली असतात. घरातला वडीलधारा पहिली चकली तोडतो आणि म्हणतो, "यंदा जरा मऊ पडली." झाले! मग जो तो चकली तोंडात टाकतो आणि मान हलवतो. ज्याच्या दाताखाली ती चांगली कुरकुरीत वाजली, तोसुद्धा! तेच जर आधी धाकट्या नातवाने "मस्त झाली" म्हटले असते, तर यंदाच्या चकलीचे भाग्य निराळे ठरले असते. गंमत सोडा, पण गावाचे, राज्याचे निर्णयही पुष्कळदा याच वाटेने जातात. आणि तिथे चकलीपेक्षा मोठे काही पणाला लागलेले असते.

औंधातले पहिले उदाहरण नांगराचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकरी त्याच्याकडे संशयाने पाहू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. नांगर पाहायला माणसे येत, फाळावरून हात फिरवत आणि निघून जात. पहिली विक्री व्हायला दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली, तेव्हा औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि कालांतराने स्टेशनचे नावही तेच झाले.

दोन वर्षे न खपणारा नांगर पुढे गावोगाव गेला तो व्याख्यानांनी गेला नाही. मला वाटते तो बांधावरून गेला. शेजाऱ्याच्या रानात फाळ किती खोल जातो, हरळी कशी उपटून येते, पुढच्या हंगामात जमीन 'विषारी' होते की ज्वारी कमरेएवढी येते, हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले. अमेरिकेतील आयोवा प्रांतात मक्याच्या संकरित बियाणाचे असेच झाले. रायन आणि ग्रॉस या दोघा अभ्यासकांनी दोन वस्त्यांतल्या शेतकऱ्यांकडे चौकशी केली आणि १९४३ साली निष्कर्ष छापला. बियाणाची पहिली बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती, पण ते पेरायचा निश्चय करताना वजन पडले शेजाऱ्याच्या अनुभवाचे. त्याला मेंढरांची चाल कोणी म्हणू नये. शेजाऱ्याने स्वतःचे बियाणे, स्वतःचा हंगाम पणाला लावलेला असतो. त्याचे शेत पाहणे म्हणजे फुकट मिळालेला प्रयोग पाहणे होय.

मात्र शेजाऱ्याचे शेत पाहणे वेगळे आणि शेजाऱ्याचा चेहरा पाहणे वेगळे. माझे सगळे म्हणणे या फरकात आहे.

आपली जुनी गोतसभा डोळ्यांपुढे आणा. वतनाचा तंटा उभा राहिला की देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार देवळात वा चावडीवर जमत. निवाडा झाला की महजर लिहिला जाई. लिहिता न येणारे आपली निशाणी करीत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, ज्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार. मोठ्या मानाचे आधी आणि बाकीचे त्यांच्या मागून. असे कागद पाहताना मला त्या निशाण्या फार सुंदर वाटतात. किती जणांना त्या काळी बोलायची जागा होती याचा तो पुरावा आहे. पण मनात एक शंकाही येते. वरच्या बाजूला देशमुखाचा शिक्का आणि पाटलाचा नांगर उमटल्यावर खाली ज्याने आरसा काढला, त्याने तो न्याय पाहून काढला की नांगर पाहून?

ही शंका मनात ठेवून १९३८ साली या. त्या वर्षी बाळासाहेब सत्तर वर्षांचे झाले. राजा मोठा हौशी. चित्रे काढणारा, कीर्तन करणारा, १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष आणि सूर्यनमस्कारांचा तर कट्टर प्रचारक. राजेसाहेब स्वतः नमस्कार घालीत, राजघराण्यातली माणसे घालीत, म्हणून शाळाशाळांतून पोरे घालीत. अशा या राजाने आपले अधिकार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. त्यामागे दोन तरुण डोकी होती. एक राजपुत्र अप्पासाहेब पंत, नुकतेच विलायतेहून शिकून आलेले. दुसरे मॉरिस फ्रीडमन, वॉर्सात जन्मलेले पोलिश ज्यू इंजिनियर. भगवी वस्त्रे घेऊन ते भारतानंद झाले होते. (याच फ्रीडमननी पुढे मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत नेली.) दोघे गांधीजींकडे गेले, घटनेचा आराखडा त्यांच्या सल्ल्याने ठरला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य-घटना अमलात आली. गावाने पाच पंच निवडायचे, गावांच्या पंचायतींवर तालुक्याची पंचायत आणि तालुक्यांतून संस्थानाच्या विधिमंडळावर प्रतिनिधी. गावचे तंटे शक्यतो गावातच, गावकऱ्यांसमोर मिटवायचे. हिंदुस्थानातल्या पाचशेहून अधिक संस्थानिकांत असा राजा विरळा, हे मान्य केलेच पाहिजे.

तरी त्यातली एक गोष्ट मला गमतीची वाटते आणि थोडी अडचणीचीही. 'तुम्हीच आता राजे' हे प्रजेला सांगितले कोणी? राजाने. म्हणजे स्वतःचे मत आधी सांगून मोकळा झालेला सर्वांत वडीलधारा माणूस समोर बसला आहे आणि गावाला विचारले जाते आहे, बोला, कबूल ना? ज्या पोरांनी राजा घालतो म्हणून नमस्कार घातले, त्यांच्या बापांनी स्वराज्यालाही त्याच भावनेने मान डोलावली असेल, तर त्यात नवल ते काय? बाळासाहेबांचा मोठेपणा याने तसूभरही कमी होत नाही. पण हुकमाने दिलेले स्वातंत्र्य पचवायला गावाला अधिक वेळ लागतो, आणि औंधला वेळ मिळाला जेमतेम नऊ वर्षांचा.

ती वेळ कशी होती हे कागदपत्रांहून अधिक एका कादंबरीत दिसते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातला पोरसवदा मास्तर याच संस्थानातल्या धनगरवाडीवर शाळा चालवायला जातो. वाडीचा म्हातारा कारभारी हो म्हणतो तेव्हा वाडी हो म्हणते. सगळे मिळून तालीम उभी करतात आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. कारभारी भला आहे म्हणून वाडीचे बरे चालते. वाईट कारभारी असता तरी वाडीने मान तशीच हलवली असती.

फ्रीडमनप्रमाणेच वॉर्सात जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेला सॉलोमन अ‍ॅश नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. १९५० च्या सुमारास त्याने या मान हलवण्याचे मोजमाप केले. प्रयोग अगदी पोरखेळाचा. एका पुठ्ठ्यावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी पहिलीएवढी कोणती ते मोठ्याने सांगायचे. खोलीतले बाकीचे सगळे अ‍ॅशने पढवून ठेवलेले. ते ठरवून एकच चुकीची रेघ सांगत. खरा परीक्षार्थी एकटाच आणि त्याची पाळी जवळजवळ शेवटी. रेघांतला फरक डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही अशा खेपांतली सुमारे एकतृतीयांश उत्तरे घोळक्याप्रमाणे चुकली, आणि चार माणसांतली तीन निदान एकदा तरी वाहवली. पण पुढचे अधिक महत्त्वाचे. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर गुपचूप लिहू दिले, की चुका झपाट्याने कमी होत. खोलीत एकच माणूस खरे बोलला, तरी दुसऱ्याला कंठ फुटे. म्हणजे पुष्कळांचे डोळे बिघडत नव्हते, जीभ अडत होती.

याच्या उलट बाजूचा नमुना इंग्लंडातला. १९०६ साली प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एक बैल उभा करून, तो मारून साफ केल्यावर वजन किती भरेल याची पैज लावली होती. ज्याने त्याने अंदाज आपापल्या चिठ्ठीवर लिहून दिला. फ्रान्सिस गाल्टनने पुढे ७८७ चिठ्ठ्या लहानमोठ्या क्रमाने लावल्या. बरोबर मधली चिठ्ठी निघाली १२०७ पौंडांची आणि खरे वजन होते ११९८! कसाई, शेतकरी, कारकून, सारे मिळून जवळजवळ अचूक. माझी खात्री आहे, की तिथे एखाद्या नामांकित कसायाने आधी ओरडून आकडा सांगितला असता, तर शेकडो चिठ्ठ्या त्याच आकड्याभोवती गोळा झाल्या असत्या.

आपल्या लोकांना हे ठाऊक नव्हते असे समजू नका. आटपाडीकडे खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. आपल्याकडच्या अशा बाजारांत भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबीत. भोवतीच्या बघ्यांना आकडा कळला, की पुढच्या प्रत्येक सौद्याला तोच चिकटणार, ही त्यातली अक्कल. पण या हुशारीला दुसरीही बाजू होती. धान्याच्या अडतीत हीच 'हत्ता' पद्धत आली, तेव्हा उपरण्याखाली अडत्या आणि व्यापारी काय ठरवतात ते बिचाऱ्या शेतकऱ्याला कळेचना. नाडला गेला तो. म्हणून पुढे बाजार समित्यांनी हत्ता बंद करून उघड लिलाव आणले. पडदा कोणासाठी आणि कोणापासून, हे पाहिल्यावाचून पडद्याची स्तुती करण्यात अर्थ नाही.

न्यायाच्या कामात मात्र जाणत्यांनी क्रमाची मोठी काळजी घेतलेली दिसते. ज्यू लोकांच्या जुन्या धर्मशास्त्रात पैशाच्या दाव्यात थोर न्यायाधीशाने आधी मत द्यावे असे आहे. पण देहदंडाचा खटला असेल तर सुरुवात कडेला बसलेल्यांपासून, म्हणजे धाकट्यांपासून. आपल्या सैन्यातल्या कोर्ट मार्शललाही १९५४ च्या नियमांनी तेच घालून दिले आहे, मत द्यायचे ते सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून. कर्नलसाहेब बोलल्यावर लेफ्टनंट काय बोलणार? इंग्लंडात तर १८७२ पर्यंत मतदार आपले मत सर्वांदेखत सांगे, जमीनदाराचा माणूस ऐकत असे. गुप्त मतदानाचा कायदा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाने त्यांच्याआधी, १८५६ साली करून दाखवला होता. आणि १९५१–५२ च्या आपल्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची चिन्हवाली पेटी आडोशामागे ठेवली होती. आटपाडीचा धनगर त्या आडोशामागे गेला, तेव्हा कारभारी बाहेर राहिला.

तो आडोसा गावांना अजून पुरता मानवलेला नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक 'बिनविरोध' झाली की आपण कौतुक करतो. अशा गावांना निधी देण्याच्या घोषणा पुढारी करतात. खर्च वाचतो, भांडणे टळतात, खरेच आहे. पण एकमत झाले की एकाचे मत झाले, हे त्यातून कळत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी या गावांत तर सरपंचपदासाठी बोली लागल्याचे उघडकीस आले, आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला दोन्हीकडची निवडणूक रद्द करावी लागली.

याच महाराष्ट्रात दुसरेही एक मतदान होते. गावातले दारूचे दुकान बंद करायचे की नाही हे गावच्या बायकांनी ठरवायचे, आणि तेही गुप्तपणे. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान बंद व्हायला गावातल्या एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावे लागते. भर ग्रामसभेत हात वर करायचा म्हटला, तर समोर नवरा असतो, दीर असतो, दुकानदाराचे सोयरे असतात. आपला आधी वर जाणारा हात कोण कोण पाहील, याचा हिशेब बाई मनात करते. पडद्याआड तिच्यासमोर फक्त दोन बाटल्या असतात. सातारा जिल्ह्यातही असे मतदान झाले आहे. पदर सावरून रांगेत उभ्या राहिलेल्या त्या बायका एकमेकींशी घरच्या, रानातल्या गोष्टी बोलत असतात. कोणती बाटली, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही.