इनामगाव: घोडकाठी कोण कोण राहून गेलं

घोड नदी दौंडच्या अंगाला भीमेला मिळते. त्याआधी शिरूर तालुक्यात तिच्या उजव्या काठावर इनामगाव लागतं. इथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातली मोठी नावं. शंभराहून जास्त घरं उघडी पडली. ती सगळी एकाच प्रकारच्या लोकांची होती, असं मात्र समजू नका.

इसवी सनपूर्व १६०० च्या सुमारास इथं आले ते माळवा संस्कृतीची भांडी वापरणारे शेतकरी. पुढे जोर्वे संस्कृतीचा काळ आला. चौकोनी घरं, सातू, गुरं, कुंभाराची भट्टी, पुराचं पाणी वळवणारा पाट. एक पाच खोल्यांचं घर सापडलं आणि शेजारीच धान्याचं कोठार. हे गावच्या प्रमुखाचं घर, असं उत्खननकारांनी मानलं. ते आम्हाला पटतं, कारण कोठाराशेजारी कोण राहतो हे आपल्याकडे आजही गावाला ठाऊक असतं!

मेलेल्या माणसाला घरातच पुरायचे. मोठ्या माणसाचे पाय घोट्यापासून तोडलेले, लहान मूल तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत. चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेल्या एका पुरुषाचे पाय मात्र शाबूत आहेत. मरणातही सगळे सारखे नव्हते.

इसवी सनपूर्व १००० नंतर पाऊसमान घटलं, असं उत्खननकार सांगतात. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शेरडं-मेंढरं आणि शिकार यांवर भिस्त वाढली. पुस्तकांत या टप्प्याला ‘ऱ्हास’ म्हणतात. हा शब्द आम्हाला खटकतो. कोठार भरलेलं असताना गावात राहणं सोपं. पाणी हटल्यावरही हे लोक सुमारे तीनशे वर्षं याच काठावर टिकले. जिरायती गावांत दुष्काळी वर्ष काढलेल्या माणसाला विचारा, त्या गोल झोपडीला तो ऱ्हास म्हणेल का? ती उभारायला सोपी, मोडायलाही सोपी, आणि चाऱ्यामागे जाणाऱ्या माणसाला तेच हवं असतं.

इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास वस्ती उठली. ते कुठे गेले, हे रांजण सांगत नाहीत.