संगणकाच्या पेटीतलं पाणी

संगणक आणि पाणी यांचं हाडवैर आहे, हे आपण सगळेच धरून चालतो. कीबोर्डजवळ चहाचा कप ठेवला तरी घरातलं कुणीतरी लगेच हटकतं. अशा वेळी गंगापूर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत कुणी हौशी तरुण संगणकाच्या कॅबिनेटचा पत्रा कापून आत पाण्याचे पाईप फिरवू लागला, तर शेजाऱ्यांना तो वेडेपणा वाटणं साहजिक आहे. पण इतिहास वेगळं सांगतो. मोठ्या संगणकांत पाणी पूर्वीच शिरलं होतं. मधल्या काळात ते बाहेर गेलं आणि आता परत आलं आहे. ही ये-जा का झाली, हे समजून घेतलं तर त्या तरुणाची खटपट कळते. शिवाय आपल्या गोदाकाठाला भेडसावू शकणारा एक प्रश्नही नीट मांडता येतो.

मुळात संगणक तापतो का? संगणक वीज घेतो, आकडेमोड करतो, आणि घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतो. पंख्याची वीज वारा देते, दिव्याची प्रकाश देते. संगणकाचं उत्तर मात्र पडद्यावर उमटतं आणि उष्णता पेटीत साठते. १९४६ साली अमेरिकेत जगासमोर आलेल्या एनिॲक या संगणकात अठरा हजारांच्या आसपास निर्वात नळ्या होत्या आणि त्याला दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज लागे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या आणि १९६२ मध्ये ‘टिफ्रॅक’ असं नाव मिळालेल्या संगणकात २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्याची पेटी म्हणजे अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच असा पोलादी सांगाडा. आतली मंडलं हाताशी यावीत म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी दारं होती. ज्यांनी यंत्र बांधलं, त्यांनीच पेटीही बांधली होती. त्यामुळे पेटी उघडण्याचं कुणाला भय नव्हतं.

निर्वात नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले, पण उष्णता गेली नाही. उलट वेग वाढवण्यासाठी भाग जवळजवळ बसवावे लागले आणि थोड्या जागेत जास्त उष्णता कोंडली. तिथे पाण्याचा प्रवेश झाला. साठच्या दशकात आयबीएमच्या सिस्टीम/३६० मालिकेतल्या मॉडेल ९१ या यंत्राला थंड करायला पाणी वापरलं गेलं. १९८० साली जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ मध्ये तर चिपच्या पाठीवर टेकणारे धातूचे छोटे दट्टे, त्यांच्यावर धातूची थाळी आणि थाळीतून वाहणारं पाणी अशी रचना होती. पाणी विजेला कुठेही शिवत नसे. मधल्या धातूमार्फत ते फक्त उष्णता उचलून नेई. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकाची मंडलं वीज न वाहणाऱ्या एका द्रवात चक्क बुडवून ठेवलेली होती.

याच सुमारास आपल्या देशाने हवामानाच्या अंदाजासाठी क्रे कंपनीचा महासंगणक दिल्लीत आणला. त्याहून शक्तिशाली यंत्रांच्या वाटेत अमेरिकेचे निर्यात निर्बंध आडवे आले. त्यातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एकच बलाढ्य आणि तापट प्रोसेसर घेण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर एका कामाला जुंपायचे, ही त्यामागची कल्पना होती.

घरातल्या संगणकाची गोष्ट मात्र उलट्या टोकाने सुरू झाली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याचा वीजपुरवठा होता अवघा ६३.५ वॅटचा, म्हणजे साध्या साठ वॅटच्या दिव्याइतका. त्याच्या प्रोसेसरवर पंखा तर नव्हताच, उष्णता पसरवणारा धातूचा तुकडाही नव्हता. पुढे नव्वदच्या दशकात मोठ्या संगणकांतही कमी वीज खाणारं चिप-तंत्र आलं आणि आयबीएमने आपल्या बड्या यंत्रांतूनही पाण्याला रजा दिली. हवा पुरेशी होती. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचं मानक आणलं आणि त्याने मदरबोर्ड व वीजपुरवठ्याचं माप ठरवलं. दुकानात मिळणारं कॅबिनेट त्याच मापावर बेतलं गेलं. वारा पुढून आत, मागून बाहेर. पाण्यासाठी त्यात जागाच ठेवलेली नव्हती.

मग प्रोसेसर पुन्हा तापू लागले. १९९३ चा पेंटियम पंधरा वॅटच्या आसपास होता. २००४ पर्यंत पेंटियम ४ शंभर वॅटच्या घरात गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडून दिला. त्याआधीच, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, परदेशातल्या हौशी मंडळींनी जुना उपाय घरी करून पाहिला होता. मोटारीच्या आतला हीटर काढून त्याचा रेडिएटर केला, मासे पाळायच्या टाकीतला पंप घेतला आणि प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवला. तयार सामान बाजारात येण्याआधी ही यंत्रं अशी जुळवाजुळवीतूनच उभी राहिली. २००४ मध्ये ॲपलने आपल्या पॉवर मॅक जी-५ च्या सर्वांत वेगवान नमुन्यात कारखान्यातूनच द्रवाने थंड होणारी रचना दिली.

आता प्रत्यक्ष पत्रा कापण्याकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथेच लागते. १२० मिलिमीटरच्या पंख्याचे स्क्रू एकमेकांपासून १०५ मिलिमीटरवर असतात. रेडिएटरची जाडी तीन सेंटिमीटरच्या आसपास, पंख्याची अडीच. म्हणजे छताखाली साडेपाच सेंटिमीटर जागा मोकळी हवी. म्हणून आधी मोजमाप, मग कागदाचा साचा, तो पत्र्यावर चिकटवून सेंटर पंचाने खुणा, नंतर ड्रिल, आणि मोठ्या भोकासाठी होल सॉ. हे सगळं आतला एकूण एक भाग बाहेर काढूनच करायचं, कारण पत्र्याचा एवढासा कीसही मदरबोर्डवर पडला तर शॉर्ट सर्किट होतं. कापलेली कड कानशीने घासायची आणि पाईप जाणार तिथे रबरी कडं बसवायचं, नाहीतर पत्रा पाईप कापतो. तांब्याच्या ठोकळ्याबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नये. दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजत जातं. नळाचं पाणी वापरायचं नाही. ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक घालायचं. शेवटी बाकी यंत्राला वीज न देता फक्त पंप चोवीस तास चालवून गळती तपासायची. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम केलेल्या कुणालाही यात परकं असं काही वाटणार नाही. हे फिटरचंच काम आहे.

या खटपटीचा फायदा किती, हे साध्या हिशेबाने कळतं. तीनशे वॅट उष्णता उचलायला मिनिटाला चार लीटर पाणी फिरवलं, तर एका फेरीत ते जेमतेम एक अंशाने तापतं. तीच उष्णता हवेने न्यायची तर हवा दहा अंशांनी तापू दिली तरी मिनिटाला दीड हजार लीटर हवा लागते. पण पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते फक्त ती प्रोसेसरवरून उचलून रेडिएटरपर्यंत नेतं. पुढे ती खोलीतल्या हवेतच जाते. म्हणून एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला असेल, तर पेटीतलं पाणीही त्याखाली उतरत नाही. मात्र या रचनेला पाणी लागतं लीटर-दीड लीटर, आणि तेच पुन्हा पुन्हा फिरतं.

मोठ्या यंत्रांतही पाणी आता परतलं आहे. जर्मनीत म्युनिकजवळ २०१२ मध्ये सुरू झालेल्या सुपरएमयूसी या महासंगणकाला चाळीस अंशांच्या आसपासचं कोमट पाणी पुरत असे आणि हिवाळ्यात त्याच उष्णतेवर कार्यालयं ऊबदार ठेवली जात. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकातही प्रोसेसरवर टेकणाऱ्या थाळीतून द्रव फिरतो. तत्त्व तेच, जे त्या तरुणाच्या पेटीत आहे.

आणि इथेच गोदाकाठाचा प्रश्न येतो. पाण्याने थंड करण्याच्या दोन वाटा आहेत. एकीत पाणी बंद फेऱ्यात फिरतं आणि उष्णता कोरड्या रेडिएटरमधून हवेत जाते. दुसरीत पाण्याची वाफ करून उष्णता घालवली जाते. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचे उंच मनोरे नाशिककरांना परिचित आहेत. त्यांतून जाते ती वाफ म्हणजे खर्ची पडलेलं पाणी. अनेक मोठी डेटा सेंटरं ही दुसरी वाट धरतात. एक युनिट विजेची उष्णता वाफेने घालवायला सुमारे दीड लीटर पाणी लागतं. या हिशेबाने एक मेगावॅटचं केंद्र दिवसाला सुमारे पस्तीस हजार लीटर पाणी उडवून टाकेल. दरडोई १३५ लीटरच्या निकषाने हे अडीचशेहून अधिक माणसांचं रोजचं पाणी झालं.

गंगापूर धरण नाशिकची तहान भागवतं. याच खोऱ्यात, कमी पावसाच्या २०२३ साली, नाशिक आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्यावरून किती ताण निर्माण झाला, हे आपण पाहिलं आहे. अशा खोऱ्यात उद्या संगणकांचं मोठं केंद्र येऊ घातलं, तर ते पाण्यावर चालतं की हवेवर, एवढंच विचारून भागणार नाही. पाणी फेऱ्यात फिरतं की वाफ होऊन जातं, हे विचारायला हवं. बंद फेऱ्याला पंखे आणि रेडिएटर जास्त लागतात, जागा जास्त लागते, खर्चही वाढतो. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तो अवघड आहे, पण कोमट पाण्यावरही यंत्र चालतं हे सिद्ध झालेलं आहे. पत्र्याला भोक पाडणाऱ्या हौशी माणसाला उष्णता कुठे जाते आणि पाणी किती लागतं, हे दोन्ही तोंडपाठ असतं. मोठी केंद्रं उभारणाऱ्यांनीही हे दोन आकडे लोकांसमोर ठेवावेत, एवढी अपेक्षा नाशिककरांनी नक्कीच बाळगावी.