ऑगस्टमध्ये वसंत? पाळीव सापांची वीण अवेळी कशी घडवतात?

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. थंडीत तो सुस्तावतो आणि वसंतात मिलन करतो. मग ब्रीडरकडे त्याची पिल्लं भलत्याच महिन्यात कशी जन्मतात?

साप तारीख बघत नाही. त्याचं शरीर तापमान आणि उजेडावरून ऋतू ओळखतं. म्हणून ब्रीडर नकली हिवाळा तयार करतात. आधी खाणं बंद करून सापाचं पोट पूर्ण रिकामं होऊ देतात. ही पायरी चुकली तर खेळ संपला. थंडीत पचन जवळपास थांबतं आणि पोटातला उंदीर कुजून साप मरू शकतो. मग दोन-तीन महिने अंधार आणि साधारण १० ते १५ अंश सेल्सिअस तापमान. पाणी मात्र कायम ठेवायचं. नंतर हळूहळू ऊब वाढवली की सापापुरता वसंत सुरू, बाहेर ऑगस्ट असला तरी!

ताण पडतो तो मादीवर. अंड्यांसाठी तिच्या अंगातली चरबी आणि कॅल्शियम खर्ची पडतं. दोन विणींमधलं अंतर कमी केलं, तर ही झीज भरून निघत नाही. अशक्त मादीच्या पोटात अंडी अडकतात आणि ते तिच्या जिवावर बेतू शकतं.