पांढऱ्या कणांची तारीख

उर्दूत ‘तारीख’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात: दिनांक आणि इतिहास. दिनांकाशिवाय इतिहास उभा राहत नाही, हे मी वर्गात नेहमी सांगतो. मग आपल्या सूर्यमालेची तारीख कुठे लिहिली आहे?

८ फेब्रुवारी १९६९ रोजी मध्यरात्र उलटल्यावर मेक्सिकोतल्या अयेंदे गावाच्या परिसरात उल्कापाषाणांचा वर्षाव झाला. दोन टनांहून अधिक दगड गोळा झाले. अमेरिकेतल्या प्रयोगशाळा तेव्हा चंद्रावरच्या दगडांसाठी सज्ज होत होत्या. त्यांच्या हाती हे दगड आधी पडले.

अयेंदेचा काळपट दगड कापला की आत पांढरे ठिपके दिसतात. त्यांत कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम भरपूर असते. मुघल दरबारात ‘लाल’ म्हणून मिरवणारे स्पिनेल हे खनिजही त्यांत सूक्ष्म रूपात सापडते. मिरेय क्रिस्तोफ मिशेल-लेव्ही या फ्रेंच संशोधिकेने १९६८ मध्येच इटलीतल्या विगारानो उल्केत असा एक कण नोंदवला होता.

१९७२ मध्ये लॉरेन्स ग्रॉसमन यांनी हिशेब मांडला. कोवळ्या सूर्याभोवतीचा तप्त वायू निवू लागला, तेव्हा तेराशे अंशांच्याही वर सर्वांत आधी घट्ट झाली ती हीच खनिजे. दाब इतका कमी होता की द्रवाची पायरी न घेता वायूतून थेट स्फटिक बनले, जसे बाष्पापासून हिमकण बनतात.

पण साक्षीदारही तपासून घ्यावा लागतो. यातले बरेच कण नंतर पुन्हा वितळले आणि गोठले. जुन्या दस्तऐवजावर कुणी नव्याने लिहावे, तसे हे झाले. तरी मूळ अक्षरे वाचता आली. १९७६ मध्ये अयेंदेच्या कणांत लवकर विझणाऱ्या किरणोत्सारी ॲल्युमिनियमच्या खुणा सापडल्या. १९९४ मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांना कझाकस्तानच्या एफ्रेमोव्का उल्केतल्या कणांत त्याहून अल्पायुषी कॅल्शियमची खूण मिळाली. ताऱ्यांत घडलेली ही द्रव्ये विझून जाण्याआधीच कण तयार झाले होते, असा याचा अर्थ.

युरेनियमचे शिसे होण्याच्या गतीवरून २०१२ मध्ये या कणांचे वय ठरले: ४५६ कोटी ७३ लाख वर्षे. चूक फार तर एक-दोन लाख वर्षांची.

सूर्याजवळ घडलेले असे कण २००६ मध्ये एका धूमकेतूच्या धुळीतही मिळाले. इतक्या दूर ते कसे पोहोचले, यावर वाद सुरू आहे. तारखेचा एक अर्थ हाती आला. दुसरा अजून लिहिला जातो आहे.