आश्रयकुंडाचा इतिहास : समुद्री मत्स्यालयातील एका दुय्यम टाकीचा मागोवा

प्रस्तावना

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बाळगणाऱ्या छांदिष्टांमध्ये 'रेफ्युजियम' हा शब्द आता सर्रास वापरला जातो. मुख्य टाकीला नळीने जोडलेली, तेच पाणी फिरते ठेवणारी, परंतु मासे जाणीवपूर्वक न सोडलेली लहान टाकी म्हणजे रेफ्युजियम होय. तीत शैवाल वाढते, वाळूत व खडकांच्या फटींत कोपेपॉड, अँफिपॉड यांसारखे सूक्ष्म कवचधारी जीव निर्धास्तपणे प्रजनन करतात आणि त्यांतील काही प्रवाहाबरोबर मुख्य टाकीत जाऊन माशांचे व प्रवाळांचे अन्न होतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आश्रयस्थान असा असल्याने प्रस्तुत निबंधात तिला 'आश्रयकुंड' असे म्हटले आहे.

इतिहासाच्या अध्यापकाने हा विषय का हाताळावा, असा प्रश्न प्राणिशास्त्र विभागातील सहकाऱ्यांनी प्रस्तुत लेखकास विचारला होता. काचेच्या चार भिंतींत निसर्गाचा समतोल साधता येईल, या एकोणिसाव्या शतकातील विश्वासाला वारंवार तडे गेले आणि त्या तड्यांतूनच ही दुय्यम टाकी जन्मास आली. त्या विश्वासाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र इतिहासाचाच आहे.

समतोलाची कल्पना आणि अदृश्य श्रम

मार्च १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या केमिकल सोसायटीसमोर आपला प्रयोग मांडला. गोड्या पाण्याच्या टाकीत दोन गोल्डफिश व व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली असता वनस्पतीने प्राणवायू पुरवला, पण तिची पाने कुजू लागून पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले. प्राणी, वनस्पती आणि कुजलेले खाणारा सफाईदार असा त्रिकोण त्याने उभा केला. आजच्या आश्रयकुंडातील मांडणी तत्त्वतः हीच आहे.

तथापि समुद्राच्या बाबतीत मान वॉरिंग्टनपूर्वीच ॲना थिन या महिलेकडे जातो. तिने १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून मॅड्रेपोर हे प्रवाळजीव लंडनला आणले व ते जिवंत ठेवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतावे लागे आणि हे काम घरातील मोलकरीण अर्धा-पाऊण तास करीत असे. पुढे १८४७ मध्ये थिनने टाकीत समुद्री वनस्पती घातल्या. तिचा लेख १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. मत्स्यालयाच्या इतिहासात वॉरिंग्टन आणि फिलिप हेन्री गॉस यांची नावे ठळकपणे येतात, थिनचे ओझरते येते. पाणी ओतणाऱ्या त्या मोलकरणीचे नाव मात्र येतच नाही. जगातील पहिल्या प्रवाळ मत्स्यालयाचा पंप म्हणजे एका नोकराणीचे हात होते, ही गोष्ट पंपांच्या आजच्या जाहिराती पाहताना लेखकास हमखास आठवते.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह सुरू झाले, १८५४ मध्ये गॉसचा 'द ॲक्वेरियम' हा ग्रंथ आला आणि इंग्लंडात या छंदाची लाटच उसळली. तिचे परिणाम गॉसच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ मधील आत्मकथनात नोंदवले आहेत. वडिलांच्या लेखनाने भारावलेल्या हौशी संग्राहकांनी किनाऱ्यावरील खडकांतली डबकी ओरबाडून काढली, याची खंत त्याने व्यक्त केली आहे.

गाळणीकडून शैवालाकडे

विसाव्या शतकाच्या मध्यास विजेचे पंप व वाळूखालच्या गाळण्या आल्या. या गाळण्यांतील जिवाणू माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करीत. मासे जगत, पण नायट्रेट साचत राही आणि नाजूक प्रवाळ मरत. १९६१ मध्ये जकार्ता येथील ली चिन एंग यांनी 'ट्रॉपिकल फिश हॉबिस्ट' या अमेरिकी मासिकात वेगळा मार्ग मांडला. त्यांच्या टाकीत समुद्राचे पाणी, सूर्यप्रकाश, हवेचे बुडबुडे आणि जीवजंतूंसह उचललेला 'जिवंत खडक' एवढेच होते. खडकाच्या आतील प्राणवायूविरहित भागातले जिवाणू नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करतात, हे त्या यशामागील एक कारण होय. जकार्ताच्या छांदिष्टाला समुद्र हाताशी होता. शीत प्रदेशातल्या, किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या वाचकाला तो नव्हता. त्यामुळे या पद्धतीचा प्रसार होण्यास बराच काळ जावा लागला.

निर्णायक वळण अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांच्या कार्याने मिळाले. कॅरिबियन प्रवाळभित्तींचा अभ्यास करताना आखूड शैवालाचा थर पोषक द्रव्ये किती झपाट्याने शोषतो, हे त्यांच्या ध्यानात आले. तीव्र प्रकाशाखाली जाळीवर असे शैवाल वाढवायचे आणि ते नियमाने खरवडून काढायचे, या योजनेचे पेटंट त्यांना १९८२ मध्ये मिळाले. तत्पूर्वी, १९८० मध्ये, वॉशिंग्टनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात या तत्त्वावर चालणारी जिवंत प्रवाळभित्ती लोकांना पाहावयास मिळाली होती. एडी व कॅरेन लव्हलँड यांच्या 'डायनॅमिक ॲक्वेरिया' (१९९१) या ग्रंथाने, भक्षकांपासून सुरक्षित कप्पा या अर्थाने, रेफ्युजियमची कल्पना छांदिष्टांपर्यंत पोहोचवली. येथे वॉरिंग्टनचा समतोल एका अर्थाने सोडूनच दिलेला आहे. खाणारा आणि खाल्ला जाणारा एकाच लहान टाकीत फार काळ नांदत नाहीत, म्हणून त्यांच्यात काचेची भिंत घालायची. शिवाय शैवाल हाताने उपटून बाहेर काढल्याखेरीज नत्र व फॉस्फरस टाकीबाहेर जात नाहीत. म्हणजे माणसाचे हात पुन्हा आलेच.

नवशिक्याची मांडणी

कृती अवघड नाही. दोनशे लिटरच्या टाकीस वीस ते चाळीस लिटरचे आश्रयकुंड पुरे. ते खालच्या टाकीचा एक कप्पा म्हणून करता येते. तळाशी बारीक वाळू, वर जिवंत खडकाचे तुकडे आणि गुंतवळासारखे दिसणारे कीटोमॉर्फा शैवाल घालावे. प्रवाह मंद ठेवावा. दिवा मुख्य टाकीच्या उलट, म्हणजे रात्री लावावा. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबल्याने पाण्याचा सामू घसरतो, ती घसरण याने सौम्य होते. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ व तापमान २५-२६ अंश सेल्सिअस राखावे. नायट्रीकरणाचे चक्र बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे आणू नयेत. केवळ कोपेपॉडांवर जगणारा मँडरिन मासा तर आश्रयकुंड काही महिने मुरल्यावरच आणावा. घाईने आणलेला मँडरिन बहुधा उपासमारीने मरतो.

आपल्याकडील वाचकासाठी एक सूचना. वीज गेली की वरच्या टाकीतील पाणी नळीवाटे खाली उतरते. खालच्या टाकीत तेवढी जागा रिकामी नसेल, तर ते जमिनीवर येते. भारनियमनाच्या काळात विभागातील प्रयोगटाकीचे पाणी एका रात्रीत असेच सांडले आणि सकाळी शिपायाने ते पुसले. परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत बारीक छिद्र पाडले, की हवा शिरून वक्रनलिकेचा ओघ तुटतो. हे आम्हांस नंतर उमगले.

आश्रयातून सुटलेले

सुरुवातीच्या आश्रयकुंडांत कॉलर्पा हे शैवाल लोकप्रिय होते. ते झपाट्याने वाढते, पण कधी कधी एका रात्रीत बीजपेशी सोडून पांढरे पडते व टाकी गढूळ करते. छांदिष्टांनी कीटोमॉर्फाकडे वळण्याचे हे एक कारण. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. १९८४ मध्ये मोनाको येथील सागरविज्ञान संग्रहालयाच्या पायथ्याशी, भूमध्य समुद्रात, कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा सुमारे एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. अलेक्झांडर माइनेझ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने धोक्याचा इशारा दिला. संग्रहालयाच्या व्यवस्थापनाने जबाबदारी नाकारून हे शैवाल तांबड्या समुद्रातून आले असावे, असा पक्ष मांडला. वाद वर्षानुवर्षे चालला आणि तोवर शैवाल अनेक देशांच्या किनाऱ्यांवर पसरले. १९९८ मधील जनुकीय अभ्यासाने ते मत्स्यालयांतील वाणाशी जुळत असल्याचे दाखवले. पुढे भूमध्य समुद्रातील त्याचा जोर बराच ओसरला, परंतु २००० मध्ये तेच वाण कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाडजवळच्या खाजणात सापडले. तेथे मात्र वादात वेळ गेला नाही. ताडपत्रीसारखी आच्छादने घालून व क्लोरीन वापरून ते मारण्यात आले आणि २००६ मध्ये निर्मूलन जाहीर झाले. कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये कॉलर्पाच्या काही जातींच्या विक्रीवर व बाळगण्यावर बंदीही घातली. दोन्ही प्रसंगांची तुलना करता, वनस्पतीपेक्षा संस्थांच्या वर्तनानेच नुकसानीचे प्रमाण ठरले, असे लेखकाचे मत आहे.

कॉलर्पा वंशाच्या काही जाती कोकण किनाऱ्यावर मूळच्याच आहेत. परंतु बाजारातून येणारे वाण स्थानिक असेलच, असे नाही. तसेच १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झालेल्या मालवणच्या परिसरातील किंवा अन्य भारतीय किनाऱ्यावरील प्रवाळ, अथवा त्यासह खडक, उचलून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. २००१ मध्ये प्रवाळांचा समावेश त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. म्हणून आमच्या विभागाच्या टाकीत प्रवाळ नाहीत. कोरडा खडक जिवाणूंनी जिवंत होऊ देणे, हाच मार्ग आम्ही पत्करला. दर आठवड्यास काढलेले मूठभर शैवाल गटारात वा खाडीत न टाकता गच्चीवर कडक उन्हात पूर्ण वाळवले जाते आणि मगच कचऱ्यात जाते. पावसाळ्यात ते शीतपेटीत गोठवतात.